विश्लेषण : खर्डीचा तलाठी खर्डीचाच हवा का?

सकाळी कसारा लोकल खर्डीला थांबते, तेव्हा डब्याची पिशवी खांद्याला लावून उतरणाऱ्यांत शिक्षक असतात, सरकारी कर्मचारी असतात. समोरच्या फलाटावर गावातली पोरं कल्याणकडे कामाला निघालेली. शहापूर तालुका पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात मोडतो. इथल्या दाखल्यावर, सातबाऱ्यावर सही करणारा माणूस इथलाच असावा का?

राज्यशास्त्रात यावर अख्खी शाखा आहे : प्रातिनिधिक नोकरशाही. डोनाल्ड किंग्जले यांनी १९४४ मध्ये ब्रिटिश सनदी सेवेवर लिहिलेल्या पुस्तकाने हा शब्द रुळवला. त्याच्या ४२ वर्षं आधी, २६ जुलै १९०२ रोजी, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या ५० टक्के रिक्त जागा मागासांसाठी राखल्या होत्या. नाव नंतर आलं, काम आधी झालं.

पण 'गुणवत्ते'चं काय?

मी इंजिनीअर, आधी डेटा मागतो. रिखिल भावनानी आणि अलेक्झांडर ली या राज्यशास्त्रज्ञांनी आयएएस अधिकाऱ्यांच्या काळात रोजगार हमीची कामं कशी झाली ते तपासलं. आरक्षणातून आलेले अधिकारी कुठेही कमी पडले नाहीत. त्यांच्याच आणखी एका अभ्यासात, स्वतःच्या राज्यात नेमलेले अधिकारी सार्वजनिक सुविधांत सरस ठरले. मात्र जिथे लोक शिकलेले, पेपर वाचणारे, तिथेच. म्हणजे स्थानिक माणूस नेमला की काम संपलं, असं नाही. त्याला जाब विचारणारेही हवेत.

मग भरती अडली कुठे?

९ जून २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक अशी गावपातळीवरची पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्रातल्या अनुसूचित क्षेत्रातलं शिक्षकांचं १०० टक्के आरक्षण रद्द केलं. इथली 'पेसा' भरतीही कोर्टकचेरीत अडकली. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी तत्कालीन विधानसभा उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्यासह आदिवासी आमदारांनी मंत्रालयातल्या जाळीवर उड्या मारल्या, त्यामागे हीदेखील मागणी होती. पुढे सरकारने तात्पुरत्या मानधनावर नेमणुकांची वाट काढली.

मला ही वाट पटत नाही. शंभर टक्क्यांवर न्यायालयाचा आक्षेप समजू शकतो. अनुसूचित क्षेत्रात इतरही लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. पण मानधनावरचा स्थानिक कर्मचारी म्हणजे दोन्हीकडून अडकलेला माणूस. नोकरी कायम नाही, आणि गावातल्या वजनदाराला 'नाही' म्हणायचं तर घर त्याच गावात. खुर्ची दिली, पण पाय कापून.

दुसरी गोष्ट आपण सहसा बोलत नाही. 'अनुसूचित जमाती' हा अर्जातला एकच रकाना आहे, पण त्यात ठाकूर, महादेव कोळी, वारली, कातकरी सगळे येतात. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, मुलांची शाळा तिथेच तुटते. तलाठ्याच्या परीक्षेला पदवी लागते. जागा उद्या कायमस्वरूपी भरल्या, तरी कातकरीवाडीतून अर्ज करायला पोहोचणार कोण?