कॉलेजची खिडकी आणि विजेचे बिल

दर वर्षी १४ डिसेंबर आला की आपल्या कॉलेजांतून ऊर्जा संवर्धनाचा दिवस साजरा होतो. १९९१ पासून हा दिवस देशभर पाळला जातो, आणि तो पाळला जावा याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती पाळण्याच्या तऱ्हेबद्दल. अशा एका समारंभास मी श्रोता म्हणून गेलो होतो. कॉलेजचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण नाव बदलले तरी हकीकत तीच राहावयाची. सकाळचे अकरा वाजले होते. बडोद्याची हवा वर्षातून जे मोजके आठवडे खरोखर सुखाची असते, त्यांतलाच तो दिवस. सभागृहाच्या साऱ्या खिडक्या बंद, त्यांच्यावर जाड पडदे, आत दिव्यांच्या रांगा आणि वर एअर कंडिशनर चालू. मुलांनी काढलेली चित्रे सुरेख होती, भाषणेही वाईट नव्हती. मात्र बाहेर फुकट मिळणारा उजेड आणि गारवा पडद्याआड थांबवून ठेवलेला, आणि आत तोच उजेड नि तोच गारवा विकत घेऊन बचतीवर व्याख्यान चाललेले, असा तो प्रकार होता.

हा दोष कोणा एका प्राचार्यांचा म्हणता येणार नाही. बचत ही गोष्टच आपण घराच्या खात्यातून काढून उत्सवाच्या खात्यात टाकली आहे. तिच्यासाठी आता ‘शाश्वतता’ असा भारदस्त शब्दही आला आहे. शब्द चांगला आहे, पण दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात वाढलेल्या माणसाला ‘पुरवून वापरणे’ म्हटले की जे चटकन कळते ते ‘शाश्वतता’ म्हटल्याने कळते असे मला वाटत नाही. आपल्या जुन्या घरांतून आजी उन्हाळ्यात पहाटे सगळ्या खिडक्या उघडी आणि नऊ-साडेनऊच्या सुमारास झडपा ओढून घेई. रात्रीचा गारवा भिंतींत मुरला पाहिजे आणि दिवसाची झळ आत येता कामा नये, एवढाच तिचा हिशेब. दुपारी पश्चिमेच्या दारावर वाळ्याचा पडदा, त्याच्यावर पाण्याचे हबके. कोरड्या हवेत पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते, हे तिला पुस्तकातून कोणी शिकविले नव्हते. पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली, की पडदा गुंडाळून माळ्यावर जाई, कारण मग त्याचा उपयोग नसे. ह्या सगळ्याला त्या काळी कोणी मोठे नाव दिले नव्हते.

आता कॉलेजकडे वळू. बडोदा कॉलेज १८८१ साली सुरू झाले. त्याची ती घुमटाची इमारत रॉबर्ट चिझम यांनी योजिली आणि घुमट विजापूरच्या गोल घुमटाच्या धर्तीवर बांधला. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय स्थापन झाल्यावर ती इमारत कला शाखेची म्हणून ओळखली जाऊ लागली. आपण येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना ती अभिमानाने दाखवितो, घुमटाचा फोटो काढावयास लावतो, आणि पुढे जातो. माझे म्हणणे असे की, तिच्याकडे घुमटासाठी पाहण्यापेक्षा खिडक्यांसाठी आणि व्हरांड्यांसाठी अधिक पाहावे.

ज्यांनी ती बांधली त्यांच्या हाती विजेचा दिवा नव्हता की पंखा नव्हता. बडोद्याचा मे महिना मात्र तेव्हाही होताच. मग दोनशे मुलांनी बसून ऐकावयाचे, लिहावयाचे, ते कसे? उत्तर त्यांनी विटा-दगडांत दिले. भिंती इतक्या जाड की दुपारचे ऊन त्यांतून आत पोहोचेपर्यंत वर्ग सुटून मुले घरी गेलेली असावीत. खोलीच्या बाहेरून कमानींचा व्हरांडा, म्हणजे ऊन भिंतीला थेट लागतच नाही, आणि पावसाळ्यात खिडकी बंद न करताही बसता येते. छत उंच, कारण गरम हवा वर जाते आणि तिला वर जाण्यास जागा लागते. समोरासमोर दारे-खिडक्या, म्हणजे एकीकडून आलेल्या वाऱ्याला दुसरीकडून बाहेर पडावयास वाट. हे चारही उपाय दीड शतक होत आले तरी बिल न पाठविता काम करीत आहेत.

केवळ कॉलेजच का? त्याच राज्यकर्त्याच्या काळातली आणखी दोन कामे ह्या संदर्भात आठवतात. १८९२ मध्ये आजव्याच्या सरोवराचे पाणी शहरात आले, ते उतारावरून आपल्याच वजनाने वाहत आले. सरोवराची जागा नि शहराची पातळी ह्यांचा मेळ जगन्नाथ सदाशिव ह्या इंजिनिअरांनी असा घातला की पाणी ढकलावयास यंत्र लागू नये. दुसरे काम आपल्या मध्यवर्ती ग्रंथालयाचे. त्याच्या पुस्तकांच्या मजल्यांना जमीन काचेची आहे. वरचा उजेड काचेतून झिरपून खालच्या कपाटापर्यंत जावा, आणि ज्या ठिकाणी कागदाची रास आहे तेथे दिवाबत्तीचा धोका कमी व्हावा, असा तो विचार. नातवंडांना घेऊन जावे आणि ती जमीन दाखवावी. मुले खाली पाहून आधी भितात, मग त्यांना मौज वाटते.

इतके सारे डोळ्यांसमोर असताना आज नवी कॉलेजे कशी बांधली जातात? पश्चिमेला काचेची भिंत, तिच्यातून दुपारभर ऊन आत; उन्हासाठी पडदा; पडद्याने काळोख, म्हणून दिवे; दिव्यांची आणि काचेची उष्णता घालवावयास एअर कंडिशनर. एका चुकीच्या भिंतीपायी चार खर्च. जुन्या इमारतींचे तर त्याहून वाईट. उंच छत ‘जुनाट’ दिसते म्हणून त्याच्याखाली खोटे छत टांगतात, आणि गरम हवा बाहेर सोडणारे वरचे झरोके त्याच्यावर कायमचे गडप होतात. मग खोली तापते. ती तापली की मंडळी म्हणतात, जुन्या इमारती आता सोयीच्या राहिल्या नाहीत.

कोणी म्हणेल, हे सारे म्हाताऱ्याचे गतकालाचे गोडवे आहेत. चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात मुलांना घामाघूम करून कसले संवर्धन? हा आक्षेप मी हलका मानीत नाही. उन्हाळे पूर्वीपेक्षा कडक होत आहेत, भोवती डांबर आणि सिमेंट वाढले आहे, आणि केवळ खिडकी उघडून मे महिन्याची दुपार सरत नाही. प्रयोगशाळेतील नाजूक यंत्रांना थंड हवा लागते. आपल्या प्राच्यविद्या मंदिरात १९२७ पासून जपलेल्या हस्तलिखितांना तर हवेचा दमटपणा स्थिर राहणे औषधासारखे आहे. तेथे यंत्र लावा आणि बिलाकडे पाहू नका. परंतु बी.ए.च्या पहिल्या वर्गाला नोव्हेंबरात त्याची गरज नसते, आणि एप्रिलच्या उन्हावर एक जुना उतारा आहे, तो म्हणजे सकाळची शाळा. आपल्यापैकी किती जण उन्हाळ्यात सात वाजता शाळेत जाऊन साडेअकराला घरी जेवावयास येत होते! मार्चच्या मध्यापासून कॉलेजचे तास सातला सुरू करण्यास एक पैशाचा खर्च नाही. अडचण एवढीच की प्राध्यापक मंडळींना पहाटे उठावे लागेल.

आणि जेथे एअर कंडिशनर हवाच तेथे तो सोळा अंशांवर ठेवून शाल पांघरून बसण्याचे प्रयोजन काय? २०२० पासून देशात तारांकित यंत्रे कारखान्यातूनच चोवीस अंशांवर लावून येतात. एक अंश वर चढविला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. हाताने रिमोट उचलून आपण तो हिशेब बिघडवितो.

थोडे आकडे सांगितलेच पाहिजेत, नाहीतर हा लेखही पडद्याआडच्या व्याख्यानासारखा व्हावयाचा. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो. हल्ली मिळणारा नव्या मोटारीचा पंखा तेवढाच वारा सुमारे ३० वॉटमध्ये देतो. पंखा दिवसाला ८ तास आणि वर्षाला २०० दिवस चालतो असे धरले तर जुन्याचे १२० युनिट, नव्याचे ४८. म्हणजे पंख्यामागे ७२ युनिटांची बचत. एका खोलीत आठ पंखे धरले तर काय होते ते वाचकांनीच मांडून पाहावे. दीड टनाचा एअर कंडिशनर तासाला दीड युनिट घेतो असे धरले, तर तेवढ्या विजेत नवे पन्नास पंखे चालतात. आणि रिकाम्या वर्गात फिरणारा पंखा, मग तो नवा असो की जुना, वाराच फक्त हलवितो. पंखा हवा थंड करीत नाही, तो माणसाच्या अंगचा घाम वाळवितो. माणूसच नसेल तर तो कोणासाठी फिरतो?

सौरविजेबद्दल हल्ली प्रत्येक संस्था बोलते. मी तिच्या विरुद्ध मुळीच नाही. २०१५ च्या जानेवारीत आपल्याच बडोद्याजवळ नर्मदेच्या कालव्यावर १० मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे त्या वेळचे सरचिटणीस बान की-मून त्यासाठी येथे आले होते. कालव्यावर पॅनेल टाकल्याने जमीन अडत नाही आणि खालचे पाणी वाफेने कमी जाते, ही कल्पना मला फार आवडली. कॉलेजांच्या सपाट गच्च्या, वाहने उभी करण्याच्या शेड, येथे पॅनेल जरूर बसवावीत. फक्त जुन्या घुमटांच्या आसपास त्यांची गर्दी करू नये. पण हिशेब नीट पाहावा. एक किलोवॉटच्या पॅनेलांना शंभर चौरस फुटांच्या आसपास जागा लागते आणि गुजराथच्या उन्हात त्यांतून वर्षाला चौदाशे-पंधराशे युनिट निघतात. वर सांगितलेला एक एअर कंडिशनर दिवसाला ८ तास, १२० दिवस चालविला की ते जवळजवळ संपले. म्हणजे एका अनावश्यक यंत्रापायी शंभर चौरस फूट गच्ची खर्ची पडली. भोक पडलेल्या हंड्यात नव्या विहिरीचे पाणी ओतण्यापूर्वी हंडा कल्हईवाल्याकडे पाठवावा, हे आपल्या घरांतील बायकांना सांगावे लागत नसे.

झाडांविषयी फार लिहीत नाही. ५ जूनला रोपे लावतात, त्यांना पाणी कोण घालतो हे पुढच्या ५ जूनला कळते. एवढेच म्हणतो की, आहेत त्या कडुनिंबांच्या बुंध्याला चिकटवून सिमेंटचे ठोकळे बसवू नयेत आणि शिशिरातला पालापाचोळा पेटवू नये. एका कोपऱ्यात खड्डा करून तो कुजवावा, माळ्याला खत विकत आणावे लागणार नाही.

आता मुख्य गोष्ट. कॉलेजात वीज वाया जाते ती कोणी दुष्ट असल्यामुळे नव्हे. बटण एकाच्या हाताशी असते, बिल दुसऱ्याच्या टेबलावर येते, आणि ज्यासाठी दिवा लावला तो तिसराच असतो. घरात हे तिघेही एकाच छपराखाली असत, म्हणून उगीच जळणाऱ्या दिव्यावर कोणीतरी ओरडत असे. कॉलेजात बिल हिशेबखात्यात येते, भरले जाते आणि फायलीत जाते. कोणत्या इमारतीने किती वीज घेतली हे प्राचार्यांनाही ठाऊक नसते, कारण सगळ्या आवाराला मीटर एकच. ज्या संस्थानाने वर्षानुवर्षे राज्यकारभाराचे अहवाल छापून खात्याखात्याचा खर्च लोकांपुढे मांडला, त्या गावात हे शोभत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक इमारतीला, जमल्यास प्रत्येक विभागाला, वेगळा उपमीटर बसवावा. त्यासाठी मोठा निधी किंवा समिती नको. वसतिगृहांनाही तो असावा, मजल्यागणिक असला तर उत्तम. दर महिन्याच्या एक तारखेस पदार्थविज्ञानाच्या मुलांनी आकडे उतरून घ्यावेत. त्यांना तेवढाच खरा प्रयोग करावयास मिळेल. आकडे दारावरच्या फळ्यावर खडूने लिहावेत, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या आकड्याशेजारी. दंड नको, बक्षीस नको, भाषण तर नकोच. गणितवाले आणि इतिहासवाले एकमेकांचे आकडे वाचू लागले की काय होते ते पाहावे.

आणि एका माणसाला विचारावे, ज्याला आजवर कोणत्याही समितीने विचारलेले नाही. प्रत्येक इमारतीत एक पट्टेवाला असतो. संध्याकाळी किल्ल्यांचा जुडगा घेऊन तोच खोल्याखोल्यांतून फिरतो. कोणत्या वर्गाचे पंखे रोज चालू राहतात, कोणती खिडकी बिजागरी गेल्यामुळे पाच वर्षे उघडत नाही, कोणते साहेब खोलीत नसतानाही यंत्र चालू ठेवतात, हे सारे त्याला तोंडपाठ आहे. त्याला चहा द्यावा, समोर बसवावे आणि त्याने सांगितलेली यादी लिहून घ्यावी. पहिल्या महिन्यात सुताराला बोलावून त्या यादीतल्या खिडक्या दुरुस्त कराव्यात. पहिला उपमीटर मात्र प्राचार्यांच्या दालनाबाहेर बसवावा. डिसेंबरात ठरले तर जानेवारीच्या पहिल्या तारखेचा आकडा फळ्यावर येऊ शकेल, आणि पुढला उन्हाळा लागेपर्यंत तुलनेस तीन महिने हाती असतील.