दोन घागरींचा वाफा

नवरात्राचे घट उठले आहेत, पावसानें पाठ फिरविली आहे आणि परसांतील ओल अद्याप टिकून आहे. अशा वेळीं “घरापुरती भाजी थोड्या जागेंत कशी लावावी ?” ही पृच्छा वाचकांकडून दरसाल होते. उत्तर देण्यापूर्वीं माझी स्वतःची एक चूक सांगणें भाग आहे; कारण या विषयांतील मुख्य धडा मला तिनेंच शिकविला.

शाळेंतून निवृत्त झालों त्या वर्षीं मीं मोठ्या हौसेनें ३० फूट लांब व २० फूट रुंद असा मळा आंखला. आम्ही वेंगुर्लेकर भाजी खातों ती पुष्कळशी घाटावरची. बेळगांवाकडून आंबोली घाट उतरून ती येते. निदान आपल्या घरीं तरी हें परावलंबन नको, असा अभिमान मनांत होता. मार्गशीर्षांत मळा हिरवागार झाला व आल्यागेल्यांनीं माझी वाहवा केली. पौषांत एके सायंकाळीं नात म्हणाली, “आजोबा, आई रोज चाळीस पोहरे काढते. मीं मोजले.” आमची विहीर समुद्राजवळची. पंपानें उपसा केला कीं पाणी मचूळ होतें, म्हणून तें पोहऱ्यानेंच काढावें लागतें. दुसऱ्या दिवशीं पोहरा मीं हातीं घेतला आणि अठराव्या खेपेस कंबर धरून काठावर बसलों. सूनबाई कांहीं बोलली नाहीं. तिनें मुकाट्यानें दोर माझ्या हातून घेतला व राहिलेले बावीस पोहरे काढले. मळ्याची आंखणी मीं केली होती. पाणी कोण काढणार, हें मात्र मीं कोणास विचारलें नव्हतें.

तेव्हां पहिला नियम हा, कीं वाफा जागेवरून आंखूं नये, पाण्यावरून आंखावा. कोरड्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर भाजीच्या एक चौरस मीटर जागेस रोज सुमारें ५ लिटर पाणी लागतें. १० फूट लांब व ४ फूट रुंद वाफा पावणेचार चौरस मीटर भरतो. म्हणजे वाया जाणारें धरून त्यास दोन लहान घागरी पुरतात. रुंदी ४ फुटांहून अधिक नसावी. म्हणजे दोन्ही बाजूंनीं हात मध्यापर्यंत पोंचतो व माती पायांखालीं तुडविली जात नाहीं.

आपली जांभ्याची माती आम्ल असते. तींत दोन पाट्या कुजलेलें शेणखत व दोन ओंजळी चुलीची राख मिसळावी. रोपें रुजल्यावर आंब्याफणसाचा पातेरा पसरावा. त्यामुळें ओल लवकर उडत नाहीं.

वाफ्याची लांबी पूर्वपश्चिम ठेवून मांडव उत्तरेच्या कडेस घालावा. मार्गशीर्षांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो व ५ फूट उंच मांडवाची सावली भर दुपारींही ४ फूट पडते. मांडव दक्षिणेस घातला तर सगळा वाफा सावलींत जाईल. मांडवावर अडीच अडीच फुटांवर चार वेल चढवावे, दोन दोडक्याचे व दोन कारल्याचे. मध्यें दोन दोन फुटांवर चार वांगीं लावावीं आणि दक्षिणेच्या ओळींत दीड दीड फुटावर सहा मिरच्या. दोन्ही टोकांस एकेक फुटाची पट्टी मोकळी ठेवावी.

एवढी दाटी कशी चालेल, अशी शंका येईल. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदावर एक अध्याय आहे. तेथें दोन वृक्षांमध्यें वीस हात अंतर उत्तम, सोळा मध्यम व बारा कनिष्ठ सांगितलें असून, मुळें एकमेकांस भिडलीं तर झाडें नीट फळत नाहींत असेंही म्हटलें आहे. हें खरेंच आहे. परंतु भाजीच्या वाफ्यांत अंतर जसें जागेचें ठेवतां येतें, तसें दिवसांचेंही ठेवतां येतें. वांग्याचें रोप लावल्यावर पहिला महिनाभर भोंवतालची जमीन मोकळीच असते. तेथें लाल माठ पेरावा. वांगें पसरूं लागेपर्यंत, म्हणजे पंचवीस-तीस दिवसांत, तो उपटून भाजीस येतो. मिरच्यांमध्यें मुळा लावला तर तोही चाळीस-पंचेचाळीस दिवसांत निघतो. एकाच खोलींत दोन बिऱ्हाडें, पण एकामागून एक !

माठ एकाच दिवशीं सगळा पेरूं नये. तसें केलें तर आठ दिवस घर माठाला विटतें आणि पुढें महिनाभर पालेभाजी दृष्टीस पडत नाहीं. मीं एकादशीची खूण ठेवली आहे. पहिल्या एकादशीस वांग्यांमधील जागेंत पेरावें, दुसऱ्या एकादशीस पूर्वेच्या पट्टींत, तिसऱ्या एकादशीस पश्चिमेच्या, व मग पुन्हां पूर्वेच्या. असें केल्यानें दर पंधरवड्यास एक ताजी जुडी हातीं येते.

वांगें, मिरची व टोमॅटो हीं एकाच कुळांतलीं. कोंकणांत वांग्यास मर रोगाचा उपद्रव फार. त्याचे जंतू मातींत टिकून राहतात. म्हणून पुढील सालीं त्या वाफ्यांत टोमॅटो न लावतां चवळी व वाल लावावे. दापोलीच्या कृषि विद्यापीठानें (स्थापना १९७२) आपल्या हवेस मानवणारे वाण काढले आहेत. कारल्याचें ‘कोंकण तारा’ व वालाचें ‘कोंकण भूषण’ हीं त्यांपैकींच.

तो मोठा मळा मीं त्याच आठवड्यांत मोडला. आज आमच्या परसांत दोनच वाफे आहेत. त्यांच्या चार घागरी रोज सकाळीं मीच काढून घालतों. भाजी पूर्वीइतकी निघत नाहीं व घाटावरची अजूनही आणावी लागते, हें मान्य केलें पाहिजे. परंतु रोज कांहींतरी ताजें पानांत पडतें आणि कोणाची कंबर मोडत नाहीं. परवां सूनबाईच म्हणाली, “मामंजी, नवलकोलासाठीं आणखी एक वाफा घालूं या का ?” उत्तर देण्यापूर्वीं मी विहिरींत डोकावून आलों.

पुढील अंकीं मांडवाच्या वेलांविषयीं.