किनारा आधी कोणाचा?

उष्ण कटिबंधातील बेटांवर सुटीसाठी जाणाऱ्यास एक सल्ला हमखास मिळतो : प्रसिद्ध स्थळी गर्दी नको असेल, तर पहाटेच पोहोचा. सर्वांनीच तो पाळला, तर गर्दीही पहाटेच जमते. आणि पाहुण्याच्या न्याहारीसाठी हॉटेलातील कामगाराला त्याही आधी उठावे लागते. गर्दी हटत नाही, तिची वेळ तेवढी बदलते.

हवाईमधील काउआई बेटावरच्या हाएना उद्यानात मात्र हा प्रश्न सार्वजनिक मानला गेला. एप्रिल २०१८ च्या महापुराने तेथील रस्ता बंद पडला. जून २०१९ मध्ये उद्यान पुन्हा उघडले, ते दिवसाला ९०० पाहुण्यांची मर्यादा घालूनच. पूर्वी याच्या दुपटीहून अधिक लोक येत. बाहेरच्यांना आगाऊ नोंदणी व शुल्क बंधनकारक आहे. हवाईच्या रहिवाशांना दोन्ही माफ. जेथे स्थानिक लोक मासे धरतात, अळूची खाचरे कसतात, तेथे त्यांचा हक्क पहिला, हे त्यामागील तत्त्व.

बालीने २०२४ पासून परदेशी पर्यटकांवर दीड लाख रुपियांचा कर बसवला. त्यातून निधी मिळेल. पण संख्येला मर्यादा पडत नाही. कर वाढवीत नेला, तर वगळला जाईल तो फक्त कमी पैशांचा प्रवासी.

संख्येच्या मर्यादेमुळेही काही जण परत फिरतील, हे खरे. परंतु तेथे श्रीमंताला वेगळे दार नसते. किनारा सर्वांचा ठेवायचा, तर त्याचे नियम तेथे राहणाऱ्यांच्या संमतीनेच ठरले पाहिजेत.