करुणेचा हिशेब

करुणरसाची चर्चा करताना आम्ही मराठीचे प्राध्यापक मोठे तरल होतो. हीच करुणा रुग्णालयाच्या दारापाशी आली की मात्र ती एखाद्या देवमाणसाच्या अंगी असावी, एवढीच आमची अपेक्षा उरते. मेळघाटातील बैरागडच्या डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हीही वर्गात भरभरून बोललो. त्या आदरात खोट नव्हती. पण अशा चरित्रांचे पारायण करता करता ‘डॉक्टर चांगला असला की झाले’ ही समजूत आम्ही विद्यार्थ्यांच्या मनात रुजवली, आणि ती अपायकारक आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.

२०१७चा पावसाळा आठवावा. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक दगावले. ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांची बाधा ओळखण्यास उपयोगी पडणारी कोलिनेस्टरेजची रक्तचाचणी त्या वेळी येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात होत नव्हती. आता येथे डॉक्टरच्या अंतःकरणाने काय करायचे होते? रात्रंदिवस राबणाऱ्या निवासी डॉक्टरांना माया नव्हती, असे कोण म्हणेल? विषाचा माग काढण्याची सोय नसणे हीच निर्दयता होती. तिला चेहरा नाही, म्हणून ती आमच्या कथा-कादंबऱ्यांत सहसा बसत नाही.

शब्द सापडला तो ‘निष्काळजीपणा’, आणि तो मजुराला चिकटवला गेला. हातमोजे नाहीत, तोंडाला फडके नाही! भादव्याच्या दमट उकाड्यात, डोक्याला लागणाऱ्या कपाशीत, पाठीवर पंप घेऊन दुसऱ्याच्या वावरात रोजाने फिरणारा माणूस निष्काळजी. आणि त्याच्या हाती ती बाटली देणारे सगळे काळजीवाहू? भाषेचे अध्यापक म्हणून तरी या शब्दाची झाडाझडती आपण घ्यायला हवी होती.

उपचार मोफत आहेत, असे सांगतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली, हे स्वागतार्हच. परंतु ती योजना दाखल झाल्यानंतरची, ठरावीक उपचारांची. झरी-जामणीहून यवतमाळला येण्याचे भाडे, सोबत आलेल्याची बुडालेली रोजी, बाहेरून आणायची औषधे, दरमहा लागणारी रक्तदाबाची गोळी – हे कोणत्या रकान्यात मांडायचे?

फार दूर जायला नको. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या खेड्यांकडून ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन आरोग्यविमा चालवला. दान घेणारा हात जोडून उभा राहतो. वर्गणीदार चौकशी करतो. ज्वारीची पायली देणाऱ्याला ‘ए, बाजूला हो’ म्हणणे जरा जड जात असावे.

येत्या हंगामात फवारणी सुरू होण्यापूर्वी वणी, पुसद, दारव्हा येथील सरकारी दवाखान्यांत अ‍ॅट्रोपिनचा साठा किती आहे, कोलिनेस्टरेजची चाचणी कोठे होते आणि किती तासांत अहवाल मिळतो, हे आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी विचारावे व शुद्ध मराठीत गावच्या फलकावर लिहावे. ‘माझा आदर्श डॉक्टर’ ही निबंधस्पर्धा त्यासाठी एक वर्ष पुढे ढकलायला आमची हरकत नाही.