कुत्र्याला जात कळत नाही, पाठवणाऱ्याला कळते

श्वान पथकाचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास ऐकवला जातो. कुत्र्याला जात, धर्म, वंश काही कळत नाही, म्हणून त्याचे काम निःपक्षपाती! यातले अर्धेच खरे आहे. कुत्रा स्वतः गाडीत बसून घटनास्थळी जात नाही. त्याला कुठे पाठवायचे, किती उशिरा पाठवायचे आणि कुठे पाठवायचेच नाही, हे माणूस ठरवतो. आणि माणसाला सगळे कळते.

अमेरिकेचे उदाहरण घेऊ, कारण तिथे या प्रश्नाची सरकारी चौकशी झाली आहे. मे १९६३ मध्ये बर्मिंगहॅम शहरात समान हक्क मागणाऱ्या काळ्या शाळकरी मुलांच्या मोर्चावर पोलीस कुत्रे सोडले गेले. तो आदेश जगाने छायाचित्रांत पाहिला. त्यानंतर आदेश उघड्यावरून उठून कंट्रोल रूममध्ये जाऊन बसला.

तिथे ९११ वर फोन आला की फोन घेणारा कर्मचारी ऐकलेल्या गोष्टीला एक प्रकार देतो: घरफोडी, भांडण, संशयित व्यक्ती. त्या एका शब्दावर कोणती गाडी निघणार आणि कुत्रा जाणार की नाही, हे बरेचसे ठरते. पुष्कळदा कुत्रा सांभाळणारा पोलीस रेडिओवर तो शब्द ऐकून स्वतःच निघतो. म्हणजे घटनास्थळी पोचण्याआधीच समोरचा माणूस 'गुन्हेगार' झालेला असतो.

फर्ग्युसन या गावातली डिसेंबर २०११ मधली घटना पाहा. एका ओसाड घरात काही जण शिरल्याचा फोन आला. चार पोलीस गेले, त्यांत एक कुत्रेवाला. तळघरात सापडला १४ वर्षांचा निःशस्त्र काळा मुलगा. शाळा बुडवून मित्रांची वाट पाहत होतो, असे त्याने नंतर चौकशी पथकाला सांगितले. त्याच्यावर कुत्रा सोडला गेला. २०१५ साली अमेरिकेच्या न्याय विभागाने या गावच्या पोलिसांवर अहवाल दिला. कुत्र्याने चावा घेतल्याच्या ज्या ज्या घटनेत माणसाचा वंश नोंदलेला होता, त्या प्रत्येक घटनेत तो माणूस काळा होता. प्रत्येक! गावात काळ्यांची वस्ती ६७ टक्के होती. मग उरलेल्यांपैकी एकही जण त्या यादीत कसा नाही? कुत्र्याने रंग पाहून चावा घेतला नव्हता.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रात श्वान पथकाचे मुख्य काम चावणे नाही. चोराचा माग काढणे, स्फोटके किंवा अमली पदार्थ शोधणे हे त्याचे काम. म्हणून आपला प्रश्न उलटा आहे. तिथे कुत्रा कोणावर सोडला, असे विचारायचे. इथे विचारायचे, कुत्रा कोणासाठी आलाच नाही?

वास कायम टिकत नाही. पाऊस पडला, बघ्यांच्या पायाखाली जागा तुडवली गेली, तास उलटले की माग पुसट होत जातो. 'श्वान रस्त्यापर्यंत जाऊन घुटमळले' हे वाक्य आपण पेपरात कितीदा वाचले आहे! बंगल्यातली चोरी असेल तर नियंत्रण कक्षातून चक्रे लगेच फिरतात. वस्तीतली मुलगी बेपत्ता झाली की बापाला ठाण्याच्या बाकावर बसवून 'सकाळी या' सांगितले जाते. सकाळपर्यंत घुटमळायलाही काही उरत नाही. मग 'पुरावा नाही' म्हणून खटला पडतो. पुरावा नव्हता की तो वाळू दिला गेला?

आणि कुत्रा आला, तरी तो शेवटचा शब्द नव्हे. १९६९ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा पुराव्याला फारसे वजन दिले नाही. कुत्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहू शकत नाही आणि माणसाचे स्वातंत्र्य त्याच्या अंदाजावर टांगता येत नाही. पारधी बांधवांनी हे पाठ करून ठेवावे. १८७१ च्या कायद्याने मारलेला गुन्हेगारीचा शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, पण चोरी झाली की पोलिसांची पावले अजून पालांकडेच वळतात.

कोणी म्हणेल, श्वान मोजके, घटना शेकडो, सगळीकडे कसे पाठवणार? मान्य. मोजकेच आहेत म्हणूनच विचारायचे की आधी कोणाकडे पाठवायचे याचा नियम कुठे लिहिला आहे? लिहिलेला नसेल, तर तो ठाणेदाराच्या मनात आहे. आणि ते मन कोणत्या समाजात घडले, हे तुम्हाला सांगायला नको.

अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांत नियम ६ आहे. माहिती मिळताच वरिष्ठ अधिकाऱ्याने स्वतः घटनास्थळी जावे, असे तो सांगतो. कलम ४ कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला शिक्षा सांगते. तरुणांनो, ही हत्यारे वापरा. दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करा. गेल्या तीन वर्षांत आपल्या जिल्ह्यातले श्वान पथक कोणकोणत्या गुन्ह्यांत गेले, फोन किती वाजता आला, पथक किती वाजता पोचले, कोणाच्या आदेशाने गेले आणि अ‍ॅट्रॉसिटीच्या किती गुन्ह्यांत गेले, हे विचारा. फर्ग्युसनचे सत्य भाषणांतून नव्हे, पोलिसांच्याच नोंदींतून बाहेर आले.

आपल्या नोंदी अजून कपाटात आहेत. त्या बाहेर काढा.

जय भीम!