घासाची जबरदस्ती

दिवेलागणीच्या सुमारास शहरातील कोणत्याही मध्यम स्थितीच्या घरात डोकावून पाहावे. दोन वर्षांचे मूल, त्याच्या डोळ्यांपुढे नाचविलेला मोबाईल, वाटी घेऊन मागे धावणारी आई, आणि ‘पोर वाळत चालले, हिला साधे भरवता येत नाही’ असा निवाडा देणाऱ्या सासूबाई! गृहस्वामी वृत्तपत्रात तोंड खुपसून बसलेले असतात. ते वृत्तपत्र आमचेच असल्यास त्यांनी हे पान उलटू नये. पुढील मजकूर विशेषेकरून त्यांच्याचसाठी आहे.

आधी हिशेब पाहू. जन्मतः सुमारे ३ किलो भरणारे मूल वर्षाअखेर ९ किलोंच्या आसपास जाते. दुसऱ्या वर्षी मात्र त्यात अवघी दोन-अडीच किलोंची भर पडते. वाढ मंदावली की भूकही मंदावावयाचीच. शिवाय याच वयात अनोळखी पदार्थाची धास्ती बळावते. तोच पदार्थ आठदहा, क्वचित पंधरा वेळाही, आग्रहावाचून पानात आला म्हणजे मूल त्यास हात लावू लागते. आमच्या घरी तिसऱ्याच दिवशी ‘याला भोपळा आवडत नाही’ असा शिक्का बसतो आणि भोपळा हद्दपार होतो!

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ क्लारा डेव्हिस यांनी १९२६ च्या सुमारास नुकतेच अंगावरचे दूध सुटलेल्या बालकांवर एक प्रयोग आरंभिला. १९३९ साली त्यांनी अशा १५ मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ३४ साध्या पदार्थांच्या यादीतील काही पदार्थ दर जेवणास पुढे मांडावयाचे. दाईने काही सुचवावयाचे नाही, आग्रह तर नाहीच. मुलांचे एकेक जेवण विक्षिप्त असे, परंतु सारी मुले सुदृढ निघाली. यावरून मुलांस वाटेल ते चरू द्यावे असे कोणी म्हणेल तर तो फसेल. त्या यादीत साखर नव्हती, मैदा नव्हता. खरी मेख यादीतच आहे, हे बाईंनी स्वतःच सांगून ठेविले आहे. किती खावे हे मुलाने ठरवावे. काय वाढावे हे वडीलधाऱ्यांनी.

आणि आमच्या घरची यादी कोण ठरवितो? बहुधा दुकान! जेवला नाही, द्या बिस्किटाचा पुडा; तेही नको, पाजा बाटलीभर दूध. दुधाने पोट भरले की पुढचे जेवणही नाकारले जाते, आणि दुधात लोह तर जवळजवळ नसतेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभर बालकांत सुमारे ६९ रक्तक्षयी आढळली. त्याची कारणे अनेक आहेत. पण खात्यापित्या घरांनी केवळ दारिद्र्याकडे बोट दाखवून सुटू नये. व्यापारी बंधूंसही स्मरण असेल की, एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांस अशी गोड पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढावयास सांगितले. अन्नसुरक्षा कायद्यात तशी संज्ञाच नाही. मग फळीवर ते डबे पौष्टिकाच्या नावाने का मांडावेत?

वजन घटत असेल वा गिळताना ठसका लागत असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावू नये. एरव्ही गृहस्वामींनी आज रात्री मुलास आपल्या पानाशेजारी बसवावे, मऊ भात, वरण व भोपळ्याची एक फोड स्वहस्ते वाढावी, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा, आणि दोन घासांवर मूल उठले तरी सुनेकडे कोणी पाहू नये.