राखीव यंत्र खरेच उभे राहील काय?

बँकेचा, रेल्वे आरक्षणाचा किंवा शेअर बाजाराचा व्यवहार ज्या संगणकांवर चालतो, त्यांना सर्व्हर म्हणतात. असा एक सर्व्हर बंद पडला तर हजारो माणसे खोळंबतात. म्हणून दोन किंवा अधिक सर्व्हर एकत्र जोडतात. ‘मी चालू आहे’ असा संदेश ते एकमेकांना ठरावीक काळाने पाठवीत राहतात. या संदेशाला ‘हृदयाचा ठोका’ असे मोठे समर्पक नाव आहे. ठोके थांबले, की दुसरा सर्व्हर आपण होऊन काम हाती घेतो. या बदलीला फेलओव्हर म्हणतात.

कल्पना सोपी वाटते. पण समजा, दोन्ही सर्व्हर धडधाकट आहेत आणि त्यांच्यामधली तारच तुटली. प्रत्येकाला वाटणार, दुसरा गेला! मग दोघेही एकाच हिशेबाच्या वहीत लिहू लागले तर काय अनर्थ होईल? यासाठी एक तिसरा साक्षीदार ठेवतात. तीनपैकी दोन मते ज्याच्या बाजूची, त्यानेच काम करायचे. (गणपूर्तीशिवाय सभा भरत नाही, तसेच हे.)

अशी जोडी नीट जुळली आहे की नाही, हे पाहणारी तपासणी विंडोज सर्व्हर या प्रणालीत २००८ च्या आवृत्तीपासून मिळते. दोन्ही सर्व्हरांवरील प्रणाली, जाळ्याच्या जोडण्या, सामायिक डिस्क हे सारे ती तपासते. ती अवश्य करावी. मात्र तेवढ्यावर समाधान मानणे मला धोक्याचे वाटते. का, ते टोकियोच्या उदाहरणावरून कळेल.

१ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी टोकियो शेअर बाजाराच्या ‘अ‍ॅरोहेड’ यंत्रणेत, सामायिक माहिती साठवणाऱ्या एका उपकरणाची स्मृती बिघडली. जोडीला तसेच दुसरे उपकरण होते. तेथेही तत्त्व बदलीचेच. पण बदली झालीच नाही. साडेतीन हजारांहून अधिक कंपन्यांच्या शेअरांचे व्यवहार दिवसभर बंद राहिले, आणि नोव्हेंबरअखेर बाजाराच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला.

चौकशीत निघाले ते असे: या जातीच्या बिघाडानंतर लगेच बदली करण्याची सोय ‘बंद’ ठेवलेली होती. उपकरणाच्या जुन्या आवृत्तीत ती बंद असली तरी थोड्या वेळाने बदली होत असे. नव्या आवृत्तीत ‘बंद’चा अर्थ बदलला, बदली मुळीच होईना. माहितीपुस्तिकेत मात्र जुनाच मजकूर राहिला. म्हणजे पुस्तिकेशी ताडून पाहणाऱ्याला सारे ठीकच दिसले असते! स्मृती बिघडल्याचा प्रसंग मुद्दाम घडवून पाहिला असता, तर ही चूक त्याच दिवशी उघडी पडली असती.

म्हणून माझे म्हणणे असे, की बिघाड आपल्या हाताने घडवावा. तार उपटावी, वीज तोडावी, डिस्क काढून घ्यावी आणि घड्याळ लावून पाहावे. प्रयोगशाळेत आपण सिद्धान्त पाठ असूनही प्रयोग करतोच ना? शिवाय यंत्रणेत कोणताही बदल झाला, की ही चाचणी पुन्हा घेतली पाहिजे. कालच्या उत्तीर्णतेचा आज उपयोग नाही.

‘चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची?’ असे काही अनुभवी मंडळी विचारतात. त्यांची भीती खोटी नाही. चाचणीतच यंत्रणा कोसळू शकते. पण ती केव्हा कोसळावी, हे निदान आपल्याला निवडता येते. मुंबईच्या दोन्ही शेअर बाजारांनी २ मार्च २०२४ रोजी हेच केले. तो शनिवार, म्हणजे एरवी सुट्टीचा दिवस. आधी जाहीर करून सकाळचे छोटे सत्र नेहमीच्या केंद्रातून चालवले, मग व्यवहार राखीव केंद्रात हलवून दुसरे सत्र तेथून पार पाडले. खरी गिऱ्हाइके, खरे सौदे. त्याच वर्षी १८ मे रोजी, पुन्हा एका शनिवारी, तोच प्रयोग त्यांनी परत केला.